गोळी म्हणायचं नाही

खराड्यांच्या पुऱ्यात दसऱ्याच्या सकाळी बंदुकीचा बार झाला, तेव्हा कुणी मान वळवूनही बघितलं नाही. ग्वाल्हेरच्या आसपास दसऱ्याला बार झाला नाही, तरच लोक चौकशीला येतात. शेजारच्या संग्रामसिंहांनी तर आपल्या गच्चीवरून एक बार हवेत काढून उत्तरही दिलं. शेजारधर्म.

मंदाताई तेव्हा देवापुढच्या दगडी फरशीवर बसून पूजेची सुकलेली झेंडूची फुलं परडीत गोळा करत होत्या. आधी कानात काहीतरी फुटलं, मग धूर, मग डाव्या पोटरीवर कुणी कढईतलं उकळतं तेल उपडं केल्यासारखं झालं. पाय ओढून घ्यायला गेल्या, तर पाय आला, पण उशिरा आला. परडीतल्या फुलांवर लाल शिंतोडे होते. लाल झेंडूही असतोच, त्यामुळे दोन क्षण त्यांना काही उमगलंच नाही.

"कुणी ऐकलं का?" जयसिंहरावांनी विचारलं.

बायकोला गोळी लागल्यावर नवऱ्याचं पहिलं वाक्य काय असावं, याबद्दल कुठल्या पोथीत काही सांगितलेलं नाही. जयसिंहरावांच्या हातात दुनाळी होती, तिच्या दस्त्यावर हळदीकुंकवाचा चिखल होता, आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. दुसरं वाक्य त्यांना सुचलंच नाही. ते मटकन खाली बसले आणि मंदाताईंचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरला, जणू तो आता उठून कुठे जाणार होता.

पुरा म्हणजे वस्ती, शहरापासून गाडीने अर्ध्या तासावर. खराड्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले, लढले, जमीन मिळाली. पुढे घोडे गेले, लढाया गेल्या, आणि नावामागचं 'राव' तेवढं राहिलं. घरात माणसं चार, त्यांतले दोन साहेब: जयसिंहराव आबासाहेब आणि मंदाताई आईसाहेब. मुलगा अंशुल शहरात मोबाइलच्या टॉवरच्या कंपनीत होता. सून गरिमा ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या दाना ओली गल्लीतली. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत कधी उतरायचं हे तिचं तिलाही कळत नसे.

त्या साली नीलगाईंनी उच्छाद मांडला होता. ऊन उतरलं की कळपच्या कळप बाजरीत शिरायचा. अष्टमीच्या संध्याकाळी जयसिंहरावांनी दोन्ही नळ्या भरल्या, बांधावर जाऊन एक बार हवेत काढला. नीलगाईंनी माना वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. हा अपमान इतका झोंबला की दुसरी नळी भरलेली आहे, हे डोक्यातून साफ गेलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तलवार, विळे, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध बंदूक, अशी पूजा चौरंगावर मांडली गेली.

"आबासाहेब, एकदा उघडून तर बघा, खाली आहे ना?" गरिमा म्हणाली होती.

"खाली नव्हे, रिकामी. मराठीत रिकामी म्हणतात." मग ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आणि पूजेला बसलेल्या शस्त्राची झडती घ्यायची? उद्या देवीलाही विचारशील, हातात काय लपवलंय म्हणून?"

पूजेला मांडलेलं शस्त्र दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही, हा खराड्यांचा नेम. नेम मोडला नाही. पूजा उतरल्यावरच बंदूक उचलली गेली, तेलकट बोट चापावरून घसरलं, बार समोरच्या फरशीवर बसला, आणि दगडाच्या कपच्या नि छर्रे मिळून उसळले ते मंदाताईंच्या पोटरीत शिरले.

इस्पितळाचं नाव अंशुलने काढलं. जयसिंहरावांनी मान हलवली.

"गोळीची जखम म्हटली की इस्पितळवाले पोलिसांना कळवतात. पोलीस आले की बंदूक जाते. बंदूक गेली की परवाना जातो."

परवाना गेलेला पुरुष त्या मुलखात विधुरापेक्षा केविलवाणा. विधुराला निदान दुसरी मिळण्याची आशा असते.

"आबासाहेब, खून बह रहा है," गरिमा म्हणाली. तिने ओढणी पोटरीला घट्ट आवळली होती.

"विक्रमसिंहला बोलवा."

विक्रमसिंह पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तो डॉक्टर वारला, आणि ते डॉक्टर झाले. माणसं आणि म्हशी दोन्ही बघायचे. त्यांनी चिमटा स्टोव्हवर धरला, मंदाताईंच्या तोंडात पदराचा बोळा दिला आणि पोटरी उकरायला बसले. स्टीलच्या वाटीत एकेक छर्रा टण् करून पडे. प्रत्येक आवाजासरशी मंदाताईंच्या डोळ्यांसमोर पांढरं होई. त्या ओरडल्या नाहीत. खराड्यांच्या घरात ओरडत नाहीत. त्यांच्या एका पूर्वजाने म्हणे तुटक्या पायाने सबंध दिवस घोडा हाकला होता. घोड्याचं काय म्हणणं होतं ते कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

"निकल गए सब," विक्रमसिंह म्हणाले.

"थे कितने?" अंशुलने विचारलं.

"जितने निकले, उतने थे."

त्यांनी पट्टी बांधली, एक सुई दिली, लाल आणि पांढऱ्या गोळ्या ठेवल्या, आणि कुणाला काही न बोलण्याचं वचन देऊन चहा पिऊन गेले.

मग जयसिंहरावांनी घरच्यांना समोर बसवून ठरवून दिलं. आईसाहेबांचा पाय कल्टिव्हेटरवरून घसरला, फाळ लागला. आणि आजपासून या घरात 'गोळी' हा शब्द नको. भिंतींना कान असतात, आणि संग्रामसिंहांची भिंत तर आपल्याला लागूनच आहे.

"मग दवाईच्या गोळीला काय म्हणायचं?" गरिमा म्हणाली.

जयसिंहरावांनी विचार केला. "प्रसाद म्हण."

तेव्हापासून मंदाताईंना सकाळी पांढरा प्रसाद आणि संध्याकाळी लाल प्रसाद मिळू लागला.

•

बाजरीची कणसं खुडून अंगणात पडली होती, ती झोडायची होती; मोहरीच्या पेरणीला ओल निघून चालली होती. मंदाताईंची बाज अंगणाच्या कडेला, सावलीत टाकली गेली. बाजेवर बसून त्या सुपात बाजरी घेत, पाखडत, मजूर बायकांना हाका मारत. हात चालू होते. कमरेपासून खाली मात्र त्यांचं दुसरंच घर चाललं होतं, आणि तिथे रात्रंदिवस भांडण होतं.

दुखणं एका जातीचं नव्हतं. सकाळी ठणका असे, जात्याच्या घरघरीसारखा एका लयीत. ऊन वर आलं की आग होई. आणि मध्येच, काही एक निमित्त नसताना, घोट्यापासून मांडीपर्यंत कळ येई. ती आली की हातातलं सूप तिरकं होऊन बाजरी सांडे आणि कोंबड्या धावत येत. कोंबड्यांना ते लवकर कळलं. मंदाताई 'आई गं' म्हणायच्या आधीच त्या बाजेभोवती जमू लागल्या.

प्रसाद घेतला की तासाभराने सगळं लांब जाई. मग पुन्हा जवळ येई. जवळ येतानाची जी वेळ असे तिची मंदाताईंना दुखण्याहून जास्त भीती वाटे. त्या गरिमाला बोलवायच्या नाहीत. दात आवळून वाट बघायच्या. न मागता जितका वेळ निघेल तितका आपला मोठेपणा, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. परसाकडे जाताना गरिमाच्या खांद्यावर सगळा भार टाकावा लागे. सून बाहेर तोंड फिरवून उभी राही, आणि आत सासू भिंतीला धरून, एका पायावर, आवाज न करता रडून घेई.

संग्रामसिंह समाचाराला आले ते नेमके प्रसादाची वेळ उलटून गेल्यावर. अंगणात ऊन म्हणून जयसिंहरावांनी बाज आत, देवासमोर आणवली होती. फरशीला पडलेला खड्डा झाकायला त्यावर पाट ठेवला होता.

"काय भाभीजी, सुनो है फाल लग गओ?" संग्रामसिंह म्हणाले.

"लागला जरा," मंदाताई म्हणाल्या.

"इस उमर में आप कल्टिवेटर पे काहे चढ़ रही थीं?"

यावर घरात कुणीच उत्तर तयार केलेलं नव्हतं. जयसिंहरावांनी चहा मागवला. संग्रामसिंहांनी पुतण्याच्या तिलकाचा, म्हणजे लग्नाआधीच्या टिळ्याचा, विषय काढला. "एक बंदूक हमारी, एक आपकी. दो चलेंगी तो कुछ शोभा रहेगी, रावसाहब."

तेवढ्यात कळ आली. इतकी की मंदाताईंना संग्रामसिंह दिसेनात, देव दिसेनात.

"गरिमा! अगं गोळी दे गं! गोळी!"

अंशुलच्या हातातली बशी थांबली. आतून गरिमा धावत आली ती उंबऱ्यात थिजली.

"गोली?" संग्रामसिंह म्हणाले.

"सिरदर्द की," जयसिंहराव म्हणाले.

"पर दर्द तो पाँव में है?"

"पाँव से चढ़ गया."

"हाँ," संग्रामसिंह सावकाश म्हणाले, "चढ़ जाता है." आणि बाजेजवळ बसावं म्हणून त्यांनी हात लांब करून तो पाट ओढला.

खाली फरशीत ताजा, पांढरट खड्डा होता, वाटीएवढा. भोवती काजळी. संग्रामसिंहांनी त्याच्याकडे बघितलं, मंदाताईंच्या पट्टीकडे बघितलं, पाट होता तिथे नीट परत ठेवला आणि उभ्याउभ्या चहा प्याले.

"बंदूक साफ करके रखिएगा," जाताना ते म्हणाले. "तिलक तक."

त्या दिवसापासून जयसिंहरावांचं जेवण कमी झालं. फाटकाची कडी वाजली की ते आधी आत जात आणि मग अंशुलला बघायला सांगत. बाहेर मोटारसायकल थांबली की त्यांना खाकी दिसे. मंदाताईंना दिसत होतं, हा माणूस घाबरलाय. त्यांना कीवही येई. पण भीती वाटायला त्या घरात आणखीही एक माणूस होतं, आणि त्याच्या भीतीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

•

आधी वास आला. मंदाताईंनी धूप लावायला सांगितला. मग माश्या आल्या. त्यांनी पायावर पातळ धोतर टाकून घेतलं.

"आईसाहेब, बदबू येतेय," गरिमा पट्टी सोडताना म्हणाली. "सूज वर चढून राहिलीय. कल घोट्याच्या वर नव्हती."

"धूप जास्त लाव."

"धूप से क्या होगा?"

"वास जाईल."

विक्रमसिंह आले, त्यांनी सुई बदलली. जखम पिकल्याशिवाय भरत नाही, असं सांगून गेले. संध्याकाळी अंगात कणकण असे, ती आता दुपारीच येऊ लागली. मंदाताईंच्या माहेरच्या एका मावशीचा पाय साखरेच्या आजारात कापला होता. मावशी उरलेलं आयुष्य ओसरीच्या कोपऱ्यात बसून होती. येणारेजाणारे तिच्याशी बोलताना हटकून पायाच्या रिकाम्या जागेकडे बघत. मंदाताई कुणाला न दाखवता रोज आपली बोटं हलवून बघत. अंगठा हलायचा. बाकीची नुसती बघत राहायची.

कळा मात्र कमी झाल्या होत्या. जयसिंहरावांना हे कळलं तसे ते हरखले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? आता शेक दिला की संपलंच."

ते स्वतः चुलीपाशी बसले. वीट तापवली, जुन्या धोतरात गुंडाळली, आणि बाजेच्या पायथ्याशी येऊन त्यांनी मंदाताईंचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या मांडीवर त्यांचं पाऊल पहिल्यांदाच आलं होतं. मंदाताईंनी लाजून दाराकडे बघितलं.

"चटका बसतोय?" ते तळव्याला वीट टेकवत म्हणाले.

"नाही."

"आता?"

"नाही."

"अगं, सोसवत नसेल तर सांग. मर्दानी होऊ नकोस उगीच."

"नाही हो बसत."

ते खुशीत वीट दाबून बसले. फडक्याला करपल्याचा वास येऊ लागला. मंदाताई मान उंच करून बघत होत्या. तळव्याच्या कडेला कातडी आधी तुकतुकीत झाली, मग पांढरी झाली, मग तिच्याखाली पाणी भरून फोड हळूहळू वर आला, पुरी फुगते तसा. त्यांच्या स्वतःच्या पायाला. आणि त्यांना काही, काहीही, होत नव्हतं.

त्या किंचाळल्या. दुखलं म्हणून किंचाळलेलं निराळं असतं. हे ऐकून अंगणातल्या मजूर बायका हातातली बडवणी टाकून उभ्या राहिल्या. जयसिंहरावांच्या हातून वीट पडली.

"काय झालं? भाजलं? अगं मग सांगायचं नाही का?"

"भाजलंय," मंदाताई म्हणाल्या. "मला कळलं नाही. अहो, मला कळलंच नाही."

जयसिंहरावांनी फोड बघितला. 

"मला इस्पितळात न्या."

"दिवाळी तोंडावर आलीय," ते पुटपुटले. "शेजारच्या पुतण्याचं तिलक होऊन जाऊ दे. संग्रामसिंहांचं तोंड बंद होईल. तेवढी कळ काढ."

"कळ असती तर काढली असती," मंदाताई म्हणाल्या. "कळच नाही आता."

गरिमाने कुणालाही न विचारता अंशुलला फोन लावला. "गाड़ी लेके आओ. अभी. आबासाहेबांना मी बघते."

•

शहरात माधवगंजच्या बाजारात दिवाळीची गर्दी होती. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दुकानदार गिऱ्हाइकांना फटाके वाजवून दाखवत होते. पहिला सुतळी बॉम्ब फुटला तशा मंदाताई मागच्या सीटवरून खाली, गरिमाच्या पायांशी घुसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. साडी ओली झाली. गरिमाने आपली शाल त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघत राहिली, जसं काही झालंच नाही.

पुढच्या सीटवर जयसिंहराव ओठ हलवत पाठांतर करत होते. कल्टिवेटर का फाल. कल्टिवेटर का फाल.

इस्पितळात डॉक्टर निवेदिता म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी पट्टी सोडली, आणि त्यांचा चेहरा बदलला नाही, म्हणूनच मंदाताई जास्त घाबरल्या. बदलू द्यायचा नाही असं ठरवलेला चेहरा त्या ओळखत होत्या. त्यांनीही आयुष्यभर तोच लावला होता.

"क्या लगा था?"

"कल्टिवेटर का फाल," जयसिंहराव म्हणाले. एका दमात.

"फाल से इतने सारे छेद?"

"दो-तीन बार लगा."

 डॉक्टर मंदाताईंकडे वळल्या. "माताजी, अंदर कुछ रह गया है, तभी सड़ रहा है. मुझे पता होना चाहिए, क्या ढूँढना है. पैर का सवाल है."

मंदाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीवरचं, हात कसे धुवावेत याचं चित्र वाचत होता.

"गोली," त्या म्हणाल्या.

"हाँ, कौन सी गोली ली? नाम याद है? कब ली?"

"ली नहीं, डॉक्टर साहब," मंदाताई म्हणाल्या. "लगी है."

डॉक्टरांचा हात पट्टीवर थांबला. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही कण्हायचा थांबला.

"किसने चलाई?"

"पूजेत होती. पूजा में थी. उठाई तो चल गई."

"उठाई किसने?"

मंदाताईंनी पुन्हा नवऱ्याकडे बघितलं. जेवढं आपलं होतं तेवढं त्यांनी सांगून टाकलं होतं. पुढचं त्यांचं नव्हतं. कंपाउंडर, शेजारी, देवी, नीलगाय, सगळ्यांची नावं जयसिंहरावांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना दिसली.

"हमने," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणताना ते बायकोच्या पायाकडे बघत होते. "हम ही ने."

पोलीस आला, त्याने लिहून घेतलं. 'बंदूक पूजा में थी' हे वाक्य त्याने तीनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

पायाची चिरफाड दोनदा झाली. आतून छर्रे निघाले, फरशीच्या कपच्या निघाल्या, काडतुसातला चिंधीचा बोळा निघाला, आणि मंदाताईंच्या हिरव्या साडीच्या काठाचा एक तुकडा निघाला, जो सगळ्यांत आत जाऊन बसला होता आणि तिथे सडत होता. पायाची करंगळी गेली. बाकीच्याबद्दल डॉक्टर दर सकाळी "देखते हैं" म्हणत, आणि त्या दोन शब्दांवर मंदाताई दुसरी सकाळ येईपर्यंत जगत. दिवाळी वॉर्डातच झाली. बाहेर माळा फुटत होत्या. मंदाताई कानात कापूस घालून, भिंतीकडे तोंड करून, पलंगाची दांडी धरून पडून होत्या.

"दर्द कितना है? दस में से बताइए," डॉक्टर विचारत.

"पास होने को कितने लगते हैं?" मंदाताईंनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"इसमें पास नहीं होना है, माताजी. सच बोलना है."

त्यांनी तीन सांगितले. घराण्याच्या मानाने तीनही जास्तच. रात्रपाळीच्या नर्सने मात्र दाताखाली फाटलेला उशीचा कोपरा डॉक्टरांना दाखवला.

"सुनिए," निवेदिता खाटेवर टेकून म्हणाल्या, "दर्द से बहादुरी मत कीजिए. दर्द आने के बाद गोली नहीं लेनी. आने से पहले लेनी है, घड़ी देखके. पट्टी बदलने से आधा घंटा पहले. माँगने में कोई शरम नहीं."

हे मंदाताईंना इतक्या वयात पहिल्यांदाच कुणी सांगितलं. त्या दुपारी त्यांनी दहापैकी आठ सांगितले. सांगताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं, आणि मग झोप लागली.

"पैर बच गया," एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या. "तलवे में जान आने में वक्त लगेगा. आए, ना भी आए."

•

पुऱ्यात मोहरी फुलावर आली तेव्हा मंदाताई चार पायांच्या चौकटीला, वॉकरला धरून अंगणात दहा-बारा पावलं टाकू लागल्या होत्या. घरात आता गोळीला गोळी म्हणत. गरिमाने मोबाइलमध्ये गजर लावून ठेवला होता, तो वाजला की अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून ती सगळ्या पुऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडायची, "आईसाहेब, गोळी!" पायावर पांघरूण टेकलं तरी वरच्या बाजूला आग व्हायची, म्हणून पायावर टोपली पालथी घालून त्या झोपत. तळवा मुका होता. चप्पल पायात आहे की नाही हे बघूनच कळे.

बंदूक पोलीस ठाण्यात होती. परवाना थांबवलेला. संग्रामसिंहांच्या पुतण्याचं तिलक एका बंदुकीवर निभावलं. नीलगाई मोहरीत शिरत. जयसिंहराव बांधावर उभे राहून पत्र्याचा डबा वाजवत. सगळा पुरा बघायचा. एकदा ते डबा वाजवून परत आले आणि ओसरीत तोंड फिरवून बसले, तेव्हा मंदाताईंना वाटलं, यांची बंदूक काय नि माझा पाय काय, दोन्ही एकाच दिवशी गेले.

मग ते नया बाजारातल्या रमाकांत वकिलांकडे जाऊ लागले. परत आले की चेहरा उजळलेला असे.

"वकील म्हणतात, वहिनींचा पाय पूर्ववत झाला ना, की त्या जोरावर अर्ज टाकू. एक करंगळी सोडली तर इजा कायमची नाही, अपघात होता, खुद्द वहिनींची तक्रार नाही. मिळेल परत."

 त्या रात्री गजराआधीच मंदाताईंनी गोळी मागून घेतली.

डॉक्टरांनी तळव्याची परीक्षा रोज करायला सांगितलं होतं: डोळे मिटवून, दात कोरायच्या काडीने हलकेच टोचून बघायचं. हे काम जयसिंहरावांनी स्वतःकडे घेतलं. गरिमाला हातही लावू दिला नाही. दुपारी जेवणं झाली की चष्मा लावून ते बाजेच्या पायथ्याशी बसत, पाऊल मांडीवर घेत, आणि टाचेपासून सुरुवात करत.

"काही?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"दुखलं तर सांग हं."

पूर्वी या घरात दुखतंय का असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता रोज विचारलं जात होतं, तेही मिशीवाल्या माणसाकडून, चष्मा पुसून पुसून.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. गरिमा जवळच तीळ निवडत होती. काडी टाचेवरून पुढे सरकली, तळव्याच्या मधोमध आली आणि टोचली. मंदाताईंच्या पायातून एक सणक निघाली ती गुडघ्यापर्यंत गेली, आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पाय आपला झाला होता. पांगळी मावशी, ओसरीचा कोपरा, सगळं एका टोचणीत मागे पडलं. तोंडातून 'आई गं' निघणारच होतं.

"काही?" जयसिंहराव पुढे वाकले होते. 

मंदाताईंनी डोळे उघडले. नवऱ्याच्या तोंडावर भीती होती, आशा होती. ती पायाची की बंदुकीची, हे त्यांनी फार निरखून बघितलं. इतक्या वर्षांच्या सवयीनेही त्यांना ते सांगता येईना. बहुधा जयसिंहरावांनाही सांगता आलं नसतं.

गरिमाचे हात तिळात थांबले होते. ती सासूच्या मुठीकडे बघत होती. मुठीत बाजेची सुतळी करकचून धरलेली होती. डॉक्टरांकडे जाताना सासूबरोबर गरिमाच असायची. डॉक्टरांना जे खरं ते मंदाताई सांगणारच होत्या, दहापैकी जितके असतील तितके. हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हता.

"अगं, काही वाटलं का?"

"काही नाही," मंदाताई म्हणाल्या.

"अजिबात?"

"अजिबात."

जयसिंहरावांनी काडी पुन्हा त्याच जागी टेकवली, आणि त्यांचा हात कापू लागला. मंदाताईंनी पाय मांडीवर नीट टेकवून दिला, सुतळीवरची पकड बदलली.

"असं घाबरत काय टोचता?" त्या म्हणाल्या. "जरा जोरात टोचून बघा."